पोचा आलेली वाटी

धुळ्यात ज्या घरी मी सहा वर्षे भाडेकरू म्हणून राहिलो, त्या घराचे भाडेपत्र मीच लिहिले होते. तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली ज्याचे अर्ज लिहिण्याचे टेबल होते, त्या इसमाने स्वतःचा करारनामा दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यावा, हे मला प्रशस्त वाटले नाही. घरमालक समोर पाटावर बसून कलमे सांगत होते आणि मी ती कायद्याच्या भाषेत उतरवीत होतो. पहिली पाच कलमे सर्वत्र असतात तशीच होती. सहाव्या कलमाला माझी लेखणी थांबली.

दर रविवारी सकाळी भाडेकरूने सहकुटुंब अंगणात हजर राहून बट्ट्या वळण्यास हात लावावा, असे ते कलम होते. सातवे, भट्टीचे झाकण मालकाखेरीज कोणी उघडू नये. आठवे, एकमेकांकडे खाण्याचे भांडे गेले तर ते रिकामे परत करू नये. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालावी, पण रिकामे देऊ नये. आणि नववे, अंगणात जेवताना अन्नास कोणीही बरे अथवा वाईट म्हणू नये.

अशा बाबी करारात येत नसतात, हे मी त्यांना दाखले देऊन समजावले. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "तू लिखस, का मी दुसरा दखू?"

मी लिहिले. आजवर असंख्य कागद माझ्या हातून गेले, कितीकांचा निकाल लागला, कितीकांना वाळवी लागली. परंतु ज्या कागदावर सही करताना मला हसू आले आणि ज्याची आठवण आता हसू देत नाही, असा तो एकच.

त्यांना सारी गल्ली नाना म्हणे. एस.टी.च्या कार्यशाळेत फिटर म्हणून त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावरही खाकी अर्धी विजार आणि कानावर खडूचा तुकडा त्यांनी सोडला नाही. एकटेच राहत. पत्नी आमच्या येण्याच्या वर्षभर आधी वारली होती आणि एकुलती मुलगी भडगावला दिलेली होती. त्यांचे स्वयंपाकघर पाहून माझी पत्नी पहिल्या दिवशी दारातच थबकली. भिंतीवर लाटणे, झारा, उलथने आणि किसणी खिळ्यांना टांगलेली, शेजारी त्याच ओळीत पाने, पक्कड आणि हातोडी; प्रत्येक वस्तूभोवती खडूने तिची आकृती काढलेली. वस्तू जागेवर नसली की भिंतीवर तिची रिकामी रेघ दिसे. नाना त्या रेघेकडे बोट दाखवून विचारत, कोणी नेले. लहानमोठा भेद ते करीत नसत. एकदा मी पक्कड नेली होती तेव्हा मलाही विचारले होते.

अंगणात त्यांची भट्टी होती. जुन्या बाजारातून आणलेले तेलाचे पिंप विटांवर आडवे ठेवून, बाहेरून चिकणमातीने लिंपून, तोंडाला बिजागरीचे झाकण बसवलेले. आत गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर आणि वर जाळी. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठात ओवा, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन घालून, घट्ट मळून, मुठीएवढे गोळे करून ते या भट्टीत भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे आणि तुरीच्या वरणाशी व घोटलेल्या वांग्यांशी खायचे. ही बट्टी रावेरकडची. नानांची पत्नी तिकडची होती. दिवाळीपूर्वी त्याच भट्टीत नानकटाई होई आणि गल्लीतल्या बाया आपापले तूप-पीठ घेऊन ताटे लावून बसत. उन्हाळ्यात नाना गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, घालण्यास बायांच्या बरोबरीने उकिडवे बसत आणि वाळत घातलेल्या बिबड्यांची रांग जरा वाकडी गेली तर दोरी लावून सरळ करून घेत.

भट्टी तापली किंवा नाही, हे पाहण्याची त्यांची एक रीत होती. लांब सळईचे एक टोक पिंपाला टेकवून दुसरे टोक ते कानाशी धरीत आणि डोळे मिटीत. इंजिनाचा बिघाड असाच ऐकतात म्हणे. मग सळई खाली ठेवून सांगत, "गाडी आजून गरम नही व्हयनी." त्या सळईतून त्यांना काय ऐकू येई, हे मला कधीच समजले नाही. मी माझ्या मुलांना सांगत असे, की हा मनुष्य अशिक्षित आहे, त्याचे पाहून काही शिकू नका. मुले मात्र आळीपाळीने सळईला कान लावीत.

नवव्या कलमाचा अनुभव मला लवकरच आला. कचेरीतले अव्वल कारकून एका रविवारी माझ्याकडे सहज म्हणून आले. अशा माणसाचे पाय आपल्या उंबऱ्याला लागणे, ही माझ्या व्यवसायात लहान गोष्ट नव्हे. मी त्यांना आग्रहाने अंगणात पंक्तीला बसवले. त्यांनी बट्टी फोडली, तूप मुरू दिले, पहिला घास घेतला आणि मान डोलावून म्हणाले, "वा, काय खुसखुशीत झाली आहे."

नाना वाढत होते. त्यांनी हातातले वरणाचे पातेले खाली ठेवले. साहेबांच्या ताटाजवळ येऊन अत्यंत शांतपणे म्हणाले, "उठा साहेब. तुमनं जेवन व्हयनं."

साहेबांना ती थट्टा वाटली. मी हातवारे करून समजावू लागलो. नाना तसेच उभे राहिले. शेवटी साहेब हात धुऊन गेले आणि पुढे दोन महिने माझ्या हातचा अर्ज त्यांच्या मेजावर इतर कागदांच्या तळाशी राहिला. मी नानांना खडसावले, निदान खडसावण्याचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "करारमा शे ना? तूच लिखेल शे."

या कलमांपैकी आठवे कलम मात्र मला बरेच दिवस साधे वाटत राहिले. दर सोमवारी सकाळी नाना पितळी कडीच्या डब्यात रविवारच्या बट्ट्या भरून बसस्टँडवर नेत आणि भडगावच्या गाडीच्या कंडक्टरकडे देत. सारे कंडक्टर त्यांना ओळखत. डबा मुलीच्या घरी पोचे. गुरुवारी संध्याकाळी तो परत येई. घासलेला, पुसलेला, लख्ख. आणि रिकामा.

दर गुरुवारी रिकामा. साखरेचा दाणा नाही, गव्हाचा कण नाही. नाना झाकण उघडून आत पाहत. नंतर डबा फळीवर उपडा ठेवीत आणि सळईने चुलीतील राख ओढू लागत. त्यांनी करारात घातलेली अट त्यांच्याच मुलीने त्यांच्याशी पाळू नये, हे माझ्या ध्यानात यायला सहा महिने लागले. माझ्या पत्नीला ते पहिल्याच गुरुवारी समजले होते.

दुसऱ्या हिवाळ्यात एके दुपारी नाना माझ्या खोलीत आले. हातात कोरी वही होती. बसले नाहीत. म्हणाले, की पत्नीच्या हातचे बट्टीपासून बिबड्यांपर्यंत जे जे आहे ते मुलीसाठी लिहून हवे. मी म्हणालो, की मुलीला आईचे येत असेलच. त्यांनी मान हलवली. मुलगी लहान वयात लग्न होऊन गेली. नंतर आई आजारी पडली. जे उरले ते यांच्या हातात उरले.

"मना हातनं ती खात नही," ते म्हणाले. "मायना हातनं तरी खाई."

त्यानंतर दहा-बारा दुपारी आम्ही अंगणात उन्हात बसलो. ते सांगत होते आणि मी पेन्सिलीने कच्चे टिपण घेत होतो. माझी पद्धत अशी की कच्चे टिपण रद्द झालेल्या छापील अर्जांच्या पाठीवर घ्यायचे, बोलणाऱ्याचे शब्द जसे येतील तसे खरडायचे आणि मग निवांतपणे पक्का कागद करायचा. माझी पत्नी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असे.

त्या दुपारींमध्ये नानांनी मला जे सांगितले ते तोवर कोणाला सांगितले नव्हते. दोन वर्षे पत्नी अंथरुणाला होती. तिची बाज त्यांनी स्वयंपाकघरातच टाकली. तिने पडल्या पडल्या सांगायचे आणि यांनी करायचे. त्यापूर्वी या मनुष्याने पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेतलेला नव्हता. ती मापे सांगे ती अशी. मोहन किती, तर पीठ मुठीत दाबून मूठ उघडली की गोळ्यावर बोटांच्या रेघा राहतील तितके. पाणी किती, तर लेकराचे तोंड धुवायला लागते तितके. आर किती, तर भट्टीच्या तोंडाशी हात धरायचा आणि तिच्या माहेरच्या वाटेवरची गावे म्हणायची: यावल, फैजपूर, सावदा, रावेर. यावललाच हात ओढावा लागला तर आर जास्त. रावेरपर्यंत टिकला तर कमी. सावद्याला ओढला तर बरोबर.

मग मीठ आले. नाना उठून आत गेले आणि एक पितळी वाटी घेऊन आले. तिच्या एका अंगाला चांगला अंगठ्याएवढा पोचा होता. मीठ या पोच्यापर्यंत, ते म्हणाले. वर नाही, खाली नाही.

"हाऊ पोचा लिख," ते म्हणाले. "कसा पडना ते बी लिख."

मी पेन्सिल तयार ठेवली. ते वाटी दोन्ही हातांत फिरवत राहिले. लग्नापासून पंचवीस वर्षे त्यांनी एकही जेवण नाव न ठेवता जेवलेले नव्हते. वरण पातळ, भाकरी जाड, मीठ कमी. ताट सरकवून उठायचे. एका दिवाळीत मुलगी माहेरी आली होती, पंक्तीला बसली होती. त्या दिवशी वरणात मीठ कमी पडले. नानांनी हाताशी होती ती वाटी उचलून भिंतीवर फेकली. पत्नीने वाटी उचलली, पुसली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पोच्यापर्यंत मीठ मोजू लागली. त्यानंतर अंथरुणाला खिळेपर्यंत तिच्या हातचे मीठ कमी पडले नाही आणि जास्तही झाले नाही. तिच्या तेराव्याला मुलगी साऱ्या भाऊबंदांसमोर म्हणाली, "आते सोता रांधा आनि सोताच नाव ठेवा, आबा." आणि गेली ती पुन्हा आली नाही.

"लिख भाऊ," नाना म्हणाले, "वाटी मी फेकेल व्हती. मीठ कमी व्हतं म्हनीसन. बस, इतलंच."

ओट्यावर तांदूळ निवडण्याचा आवाज थांबला होता. मी लिहिले. हात सवयीने चालतो.

पक्की वही करण्यास मला पंधरा दिवस लागले. प्रत्येक पानास तांबडा समास ओढला. ठळक अक्षरात विषय घातला: 'बट्टी तयार करणेबाबत.' खाली क्रमवार मुद्दे. पीठ योग्य प्रमाणात घ्यावे. त्यात आवश्यकतेनुसार मोहन घालावे. भट्टी पुरेशी तापल्याची खात्री करून घ्यावी. मीठ चवीपुरते. बोटांच्या रेघा, लेकराचे तोंड, यावल आणि फैजपूर हे मी गाळले, कारण लिखित कागदात अशी बोली शोभत नाही आणि वाचणाऱ्याचा लिहिणाऱ्याविषयी ग्रह वाईट होतो. वाटीची हकीगतही गाळली. ती गाळण्यात मी नानांवर उपकारच करतो आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटले. कोणा मनुष्याने स्वतःच्या मुलीला स्वतःविरुद्ध लेखी द्यावे, हे मी अर्ज लिहिणारा म्हणून कसे होऊ देईन? सातवी नापास असूनही माझे अक्षर आणि माझी भाषा यांच्या बळावर मी कचेरीसमोर उभा होतो. ती वही मला माझ्या आयुष्यातला उत्तम कागद वाटली.

मी ती नानांना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवली. ते मांडी घालून, मान खाली घालून ऐकत होते. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, "व्हयनं?" मी हो म्हणालो. त्यांनी तांबड्या समासावरून बोट फिरवले. "साहेबले दखाडाजोगं शे," ते म्हणाले. मी ती शाबासकी समजलो.

सोमवारी वही डब्यातून भडगावला गेली.

गुरुवारी डबा आला तेव्हा आत काहीतरी खडखडत होते. नानांनी स्टँडवर तो उघडला नाही, घरापर्यंत छातीशी धरून आणला. माझ्यासमोर झाकण काढले. आत वहीच होती. शेवटच्या पानावर, माझ्या सहीखाली, मुलीने दोन ओळी लिहिल्या होत्या. चिठ्ठ्या वाचून दाखवणे माझ्याकडे असल्यामुळे त्याही मलाच वाचाव्या लागल्या. 'आई असं बोलत नव्हती. हे कोणा भलत्याच बाईचं लिहिलेलं दिसतं.'

नानांनी वही माझ्या हातून घेतली. त्यांना वाचता येत असे ते अक्षर अक्षर लावून. त्यांनी एकेक पान उलटले.

"भाऊ," ते म्हणाले, "यामा वाटी कोठे शे?"

मी त्यांना सविस्तर सांगितले. कागदाची एक मर्यादा असते, घरच्या गोष्टी चारचौघांत नेऊ नयेत, उद्या वही जावयाच्या हाती पडली तर, वगैरे. बोलताना मला जाणवत होते, की माझा आवाज उंच होत चालला आहे. मी शेवटी विचारले, की मी वाचून दाखवले तेव्हाच तुम्ही का बोलला नाहीत?

ते म्हणाले, "मले वाटनं, कागदना पोटमा कोठे तरी व्हई."

ते रागाने बोलले असते तर मला बरे वाटले असते. मी माझ्या टेबलासमोर बसलेली माणसे आठवली. मी त्यांचा अर्ज त्यांना वाचून दाखवतो, ती मान डोलावतात, अंगठा उठवतात. आपले म्हणणे त्यात कोठे तरी असेल, असे त्यांनाही वाटत असावे. हा विचार मी त्या वेळी झटकून टाकला. पुढे मी धुळे सोडून जळगावला टेबल मांडले तेव्हा तोही माझ्यामागे आला आणि अजून टेबलापाशी बसलेला असतो.

त्या रविवारी नानांनी भट्टी पेटवली नाही. पुढल्या रविवारीही नाही. करार मालकाकडूनच मोडला गेला होता. मुले सळई हाती घेऊन पिंपाभोवती घुटमळत आणि परत येत. तिसऱ्या रविवारी माझी पत्नी घरातल्या स्टोव्हवर भाकऱ्या करत होती. तिने मान वर न करता मला म्हटले, "अहो, नानांनी जे सांगितलं तेवढं सोडून सगळं लिहिलंत तुम्ही."

मी तिला म्हणालो, की तुला कागदातले काय कळते.

"कागदातलं नाही कळत," ती म्हणाली. "वाटीचं कळतं. आमच्याकडेही ताटं सरकवतात."

मी ताट पुढे ओढून घेतले आणि मुकाट्याने जेवलो. भाजीत तिखट जास्त होते, असे आठवते.

माझी आणखी एक पद्धत अशी की प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत कच्चे टिपण टाकायचे नाही. त्या दुपारी मी ट्रंक उघडली. रद्द अर्जांच्या पाठीवर माझ्याच पेन्सिलीची ओबडधोबड अक्षरे होती. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. एके ठिकाणी मी 'मोहन'सुद्धा चुकीचे लिहिले होते. परंतु मी वाचू लागलो आणि एक आजारी बाई बाजेवरून बोलू लागली. यावल, फैजपूर, सावदा. शेवटल्या कागदावर वाटी होती. 'मी फेकेल व्हती.' ही टिपणे कोणी पाहिली, तर माझे शिक्षण किती ते त्याला पहिल्या ओळीतच समजले असते. माझ्या धंद्यात हे लपवण्यावर पोट चालते. मी कागद दोनदा ट्रंकेत परत ठेवले.

तिसऱ्यांदा ते घेऊन नानांच्या दारात गेलो आणि उभ्यानेच सर्व वाचले. काही गाळले नाही. ते ऐकत असता त्यांचे ओठ हलत होते. गावांची नावे आली तेव्हा त्यांनी हात पुढे धरला आणि सावद्याला मागे घेतला. मी म्हणालो, हेच पाठवू. त्यांनी डबा काढला. कागदांची घडी आत ठेवली. मग आत जाऊन वाटी आणली आणि घडीवर ठेवली.

"हाई बी जाऊ दे."

मी विचारले, की मग तुमच्या मिठाचे माप कशाने होणार?

"मी अंदाजे करसू," ते म्हणाले. "माप तिले लागई."

सोमवारी डबा गेला. गुरुवारी आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आला नाही. नाना स्टँडवर जाऊन भडगावच्या गाडीतून शेवटचा उतारू उतरेपर्यंत उभे राहत आणि कंडक्टरने मान हलवली की परत येत. रविवारी त्यांनी भट्टी मात्र पुन्हा पेटवली. बहुधा रिकामे बसवेना. पहिल्या रविवारी बट्ट्या इतक्या खारट झाल्या की माझ्या धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या रविवारी त्याहून खारट. कोणी शब्द काढला नाही, कारण नववे कलम होते. नाना आमच्या तोंडांकडे पाहत, पाण्याचा तांब्या प्रत्येकाकडे सरकवत आणि स्वतःची बट्टी शेवटच्या तुकड्यापर्यंत खात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर वाटीची खडूने काढलेली गोल रेघ तशीच होती. तिच्यातला पोचासुद्धा त्यांनी काढलेला होता.

पाचव्या गुरुवारी डबा आला.

नाना तो एका हाताने आणत होते, पण खांदा एका अंगाला झुकला होता. म्हणजे डबा जड होता. त्यांनी तो अंगणात ठेवला आणि माझ्या पत्नीला हाक मारली, की बाई, तू उघड. तिने झाकण काढले. आत बट्ट्या होत्या. फोडलेल्या, तूप लावलेल्या, कधीच निवालेल्या. नानांनी एकेक काढून ताटात ठेवली. तळाशी हात फिरवला. कडेने बोटे फिरवली. मग डबा तिरपा करून उजेडाला धरला.

"वाटी नही शे," ते म्हणाले. डबा खाली ठेवून पुन्हा म्हणाले, "वाटी ठेई लिधी तिनी."

आम्हाला सर्वांना त्यांनी एकेक वाढली. स्वतः पाटावर बसले. मी घास घेतला आणि माझा हात थांबला. बट्टी रंगाने, खुसखुशीतपणाने, वासाने तीच होती. आर बरोबर सावद्याचा होता. पण मीठ नव्हते. कमी नव्हे, मुळीच नव्हते. मी पत्नीकडे पाहिले. तिलाही समजले होते. पोचा आलेली वाटी जिच्या समोर आहे, मोहनापासून आरापर्यंत जिचे काही चुकलेले नाही, ती बाई मीठ विसरत नसते. ते तिने वगळले होते. हे माझ्यासारख्यालाही समजले. मी स्वतः वगळणारा मनुष्य आहे.

नाना हळूहळू चावत होते. माझ्या पत्नीने मिठाची बरणी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ताटावर हात आडवा धरला. एक संपवली. दुसरी घेतली, तीही संपवली. पाणी प्यायले. मग धोतराच्या जुन्या फडक्याने डबा पुसला, त्यात साखरेच्या दोन मुठी घातल्या आणि मला म्हणाले, की कागद आण.

मी कागद आणि दौत घेऊन आलो. सवयीने वर 'सविनय' लिहिण्यास टाक टेकवला होता, तो उचलला. विचारले, काय लिहू?

ते भट्टीकडे पाहू लागले. आपल्याच करारातले नववे कलम मोडताना मनुष्याचा चेहरा कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिले.

"लिख," ते म्हणाले, "मीठ बरोबर शे."

मी लिहिले. वर काही नाही, खाली काही नाही. 'शे'चे 'आहे' केले नाही. कागदाच्या शेवटी 'अर्ज लिहिणार' म्हणून माझे नाव घालण्याची माझी जन्माची रीत आहे. तेवढे त्या कागदावर घातले नाही.